चूक दाखवताना: नव्या मुद्रितशोधकास
मंडळाच्या स्मरणिकेची मुद्रिते तपासण्याचे काम आपण हाती घेत आहात, म्हणून थोडे सांगतो. लाल पेन उचलण्यापूर्वी समोरची चूक खरोखर चूक आहे का, हे पाहावे. ऐंशीच्या घरातील लेखकाने ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार दिले असतील, तर ते अज्ञान नसून १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी शाळेत गिरवलेले वळण असते, आणि अशा वेळी ‘हे अनुस्वार आता देत नाहीत, काढू का?’ एवढे फोनवर विचारले की काम भागते. मी स्वतः एकदा भर कार्यक्रमात फलकावरच्या ‘हार्दीक’कडे बोट दाखवून मोठ्याने ‘हार्दिक’ म्हटले होते. सभागृह हसले, ज्या मुलाने रंगीत खडूंनी तासभर खपून तो फलक लिहिला होता, त्याने मंडळात पुन्हा खडू हातात घेतला नाही. वेलांटी पुसायला ओले फडके पुरले असते. निमंत्रणातील तारीख किंवा वेळच चुकली असेल, तर मात्र भीड न बाळगता सर्वांसमोर, तत्काळ दुरुस्ती सांगावी, कारण तिथे लोकांना हेलपाटा पडतो. दुरुस्तीची चिठ्ठीही दोनदा वाचून पाठवावी. माझ्या चिठ्ठ्यांतच चुका राहिलेल्या आहेत.