सहाशे वेळा मारूनही तलवार पडली नाही, म्हणून ड्रॉप रेट दुप्पट करावा का?

तुमच्या पोस्टमध्ये दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला असा, की तुमच्या ऑनलाइन गेममध्ये बॉसच्या, म्हणजे एका बड्या राक्षसाच्या तलवारीचा ड्रॉप रेट (त्याला मारल्यावर ती पडण्याची शक्यता) २०० मध्ये १ असा जाहीर केलेला आहे, तुम्ही ६०० किल केले, म्हणजे त्याला ६०० वेळा मारलं, तरी ती पडली नाही, मग हा रेट खोटा आहे का? दुसरा असा, की गेममधल्या बाजारात ती तलवार ठरावीक गिल्डकडेच (खेळाडूंच्या संघटित गटांकडेच) दिसते आणि भाव वाढून तुमच्या आवाक्याबाहेर गेलाय, तर कंपनीने रेट सरळ दुप्पट का करू नये? पहिल्याचं उत्तर गणितात आहे. दुसऱ्यावर आतापर्यंत जी वादावादी झाली, तिच्यात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की रेट म्हणजे फक्त ज्याचं-त्याचं नशीब, आणि ती मला पटत नाही. वस्तू विकता येत असेल, तर तिचा ड्रॉप रेट हा फक्त तुमच्या-माझ्या नशिबाचा आकडा राहत नाही. सगळ्या सर्व्हरवर दररोज किती माल येणार, हे तो ठरवतो.

आधी गणित. एका किलमध्ये तलवार न पडण्याची शक्यता २०० पैकी १९९. लागोपाठ २०० किलमध्ये एकदाही न पडण्याची शक्यता जवळपास ३७ टक्के. म्हणजे ‘दोनशेत एक’ ऐकून दोनशेव्या किलपर्यंत तलवार मिळेलच असं धरून चालणाऱ्या दर तीन जणांपैकी एकाहून जास्त जण रिकाम्या हाताने राहतात. ६०० किलनंतरही रिकाम्या हाताने राहण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. तुमचं नशीब वाईट आहे हे खरंच, पण वीस जणांत एकाचं असतं तेवढंच. समजा दहा हजार खेळाडूंनी ६०० किलची मजल गाठली, तर त्यातले पाचशे जण आज तुमच्याच जागी असतील. आणि लिहितात ते टोकाचे अनुभव आलेलेच. तिसऱ्या किलला तलवार मिळालेला माणूस स्क्रीनशॉट टाकतो, तुमच्यासारखा कंटाळलेला माणूस तक्रार टाकतो, आणि नव्वदाव्या किंवा दीडशेव्या किलला मिळालेले हजारो लोक गप्प खेळत राहतात. आपल्यासमोर येणारं चित्र हे असं दोन टोकांचंच असतं.

या हिशोबात कामाला येणारा एक सोपा नियम आहे. n प्रयत्नांत एकदाही यश आलं नसेल, तर खरा रेट जास्तीत जास्त ३ भागिले n एवढा असेल, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. तुमचे ६०० किल घ्या: ३ भागिले ६००, म्हणजेच २०० मध्ये १. जाहीर झालेला रेट बरोबर या सीमारेषेवर बसतो. त्यामुळे तुमच्या एकट्याच्या आकड्यांवरून कंपनीला खोटं ठरवता येत नाही आणि खरंही ठरवता येत नाही. शिवाय हा हिशोब आधीच ठरवून मोजलेल्या किलसाठी आहे. ‘मला मिळाली नाही’ म्हणून जो पुढे आला, त्याचीच आकडेवारी धरली तर निष्कर्ष आधीपासूनच एका बाजूला झुकलेला असतो.

खरंच तपासायचं असेल तर गिल्डने मिळून तपासा. अंदाजातली चूक एकूण पडलेल्या तलवारींच्या संख्येवर अवलंबून असते. १०० तलवारी पडेपर्यंत मोजलं तर रेटचा अंदाज साधारण २० टक्के इकडे-तिकडे येतो, आणि १०० तलवारींसाठी सुमारे २०,००० किल लागतील. चाळीस जणांनी प्रत्येकी ५०० किलची नोंद ठेवली की झालं. अट एकच: कोण मोजणार आणि कधीपासून, हे पहिल्या किलच्या आधी ठरलेलं असावं, आणि मधेच कंटाळून सोडणाऱ्याचे किलसुद्धा हिशोबात राहावेत.

संशय घेणाऱ्यांना इथे काही जणांनी वेड्यात काढलं, ते मला आवडलं नाही. दक्षिण कोरियात २०२४ च्या जानेवारीत तिथल्या स्पर्धा आयोगाने नेक्सॉन कंपनीला सुमारे ११६० कोटी वॉनचा दंड ठोठावला. मेपलस्टोरी गेममधल्या ‘क्यूब’ या विकत घ्यायच्या वस्तूची (ती वापरून आपल्या शस्त्राचे गुण नशिबाने बदलतात) संभाव्यता खेळाडूंना न सांगता बदलली, आणि काही हवेहवेसे निकाल तर कधीच येणार नाहीत अशी रचना केली, असा ठपका होता. त्याच वर्षी मार्चपासून तिथे पैसे देऊन घ्यायच्या अशा वस्तूंची संभाव्यता जाहीर करणं कायद्याने सक्तीचं झालं. चीनमध्ये हा नियम २०१७ च्या मे महिन्यापासून आहे. तेव्हा रेटवर प्रश्न विचारणं पूर्णपणे रास्त आहे. फक्त पुरावा ६०० किलचा नको, २०,००० किलचा हवा.

आता बाजाराकडे वळू.

रेट दुप्पट केला की काय होईल? पहिल्या आठवड्यात तलवारी जास्त पडतील, भाव उतरेल, सगळे खूश होतील. मग ज्यांचा धंदाच तो बॉस मारण्याचा होता, ते दुसऱ्या बॉसकडे जातील, कारण तासाची कमाई घटलेली असेल. किल कमी होतील, पुरवठा थोडा सावरेल. पण तोपर्यंत आलेल्या तलवारी कुठे जातात? कुठेच नाही. तुम्ही वर्णन केलेल्या गेममध्ये तलवार तुटत नाही, वापरल्यावर खात्याला चिकटत नाही, आणि नवी मिळाली की जुनी पुन्हा विकायला येते. म्हणजे आजवर पडलेली प्रत्येक तलवार बाजारातच आहे. अशा वस्तूचा भाव रेट न बदलताही वर्षभरात आपोआप उतरतो. रेट दुप्पट केला तर तीच उतरण लवकर येते, आणि तळ गाठल्यावर तो बॉस मारायला कोणाकडे कारणच उरत नाही. ज्या नव्या खेळाडूंसाठी आपण रेट वाढवा म्हणतोय, त्यांना तलवार स्वस्तात मिळेल हे खरं. पण ती मिळवण्यासाठी आखलेली लढाई ओस पडेल.

वस्तू गेममधून बाहेर कशी जाते, हा प्रश्न मला रेटपेक्षा नेहमीच महत्त्वाचा वाटत आला आहे. ईव्ह ऑनलाइन हा अवकाशजहाजांचा गेम २००३ पासून चालू आहे आणि तिथला बाजार इतकी वर्षं जिवंत राहिला, यामागचं मोठं कारण म्हणजे तिथे जहाज फुटलं की फुटलं. लढाई हरलात तर जहाज आणि त्यावरचा बराचसा माल कायमचा नष्ट होतो, म्हणून बनवणाऱ्याला कायम गिऱ्हाईक असतं. तो गेम चालवणाऱ्या कंपनीने २००७ मध्ये या बाजारावर लक्ष ठेवायला एयोल्फुर गुडमुंडसन नावाचे अर्थतज्ज्ञ नेमले होते, इतकं ते गांभीर्याने घेतलं गेलं. ओल्ड स्कूल रुनस्केप या गेमने वेगळी वाट धरली. २०२१ च्या डिसेंबरात तिथल्या ग्रँड एक्स्चेंज या बाजारातल्या विक्रीवर १ टक्का कर लागला, आणि त्या पैशातून काही ठरावीक वस्तू बाजारातून विकत घेऊन नष्ट केल्या जाऊ लागल्या. तलवारी तुटत नाहीत, म्हणून गेमने स्वतः त्या विकत घेऊन मोडीत काढल्या. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात कोणाच्या हातातली वस्तू काढून घ्यावी लागत नाही.

उलट बाजूचा धडा डायब्लो ३ या गेमने दिला, आणि तो जरा सविस्तर सांगायलाच हवा. २०१२ मध्ये गेम आला तेव्हा त्यात ऑक्शन हाउस, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांना वस्तू विकायचा बाजार होता, आणि थोड्याच दिवसांत खऱ्या पैशांचंही सुरू झालं. कल्पना चांगली होती: लोक नाहीतरी बाहेरच्या वेबसाइटवर व्यवहार करून फसतात, मग तो व्यवहार आतच सुरक्षित करू. झालं असं, की लाखो लोकांना पडलेल्या वस्तूंमधली सर्वोत्तम वस्तू एका क्लिकवर समोर येऊ लागली. तिच्यापुढे स्वतःला पडलेली वस्तू जवळपास कधीच टिकेना. राक्षस मारून लूट मिळवायची हाच ज्या गेमचा प्राण, तिथे लूट मिळवायचा उत्तम मार्ग राक्षस न मारणं हा ठरला. शेवटी २०१४ च्या १८ मार्चला दोन्ही ऑक्शन हाउस बंद झाली. त्याच सुमाराला लूटची पद्धतही बदलली: वस्तू कमी पण चांगल्या पडू लागल्या, तुमच्या कॅरेक्टरला उपयोगी पडतील अशा पडू लागल्या, आणि मोठ्या वस्तूंचा ट्रेड जवळजवळ बंद झाला. ट्रेड थांबवला म्हणून रेट उदार करता आला. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. ‘ट्रेडही मोकळा हवा आणि ड्रॉपही भरपूर हवेत’ ही इथली लोकप्रिय मागणी मला म्हणूनच मान्य नाही.

पुरवठा अचानक बदलला की काय होतं, याचं ताजं उदाहरण काउंटर-स्ट्राइकचं. २०२५ च्या ऑक्टोबरात एका अपडेटने पाच लाल दर्जाच्या स्किन (शस्त्रांच्या दुर्मिळ सजावटी) देऊन चाकू किंवा ग्लोव्ह्ज मिळवण्याची सोय केली. चाकूंचे भाव कोसळले आणि लाल स्किनचे भाव वर उसळले. केस, म्हणजे नशिबाची पेटी, उघडताना चाकू निघण्याची शक्यता मात्र होती तेवढीच होती. पुरवठ्याची नवी वाट उघडली एवढंच. म्हणून ‘रेटला हात लावला नाही’ हे कंपनीचं वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नका.

गिल्डच्या मक्तेदारीबद्दल तुम्ही जे लिहिलंय, त्यात एक माहिती राहून गेली आहे. हा बॉस प्रत्येक पार्टीसाठी (एकत्र लढणाऱ्या गटासाठी) वेगळा उघडतो, की सगळ्या सर्व्हरसाठी एकच उगवतो? वेगळा उघडत असेल तर गिल्डला भाव फार काळ धरून ठेवता येणार नाही, कारण रोज कोणालाही नवी तलवार पडू शकते आणि साठा करणाऱ्याचा पैसा अडकून बसतो. पण सर्व्हरवर तो एकच असेल आणि ठरावीक वेळेला येत असेल, तर मक्तेदारी खरी आहे. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये लोक अशा बॉसच्या जागेवर तासन्‌तास तळ ठोकून बसायचे, आणि ज्या गटाकडे माणसं जास्त, त्याचीच लूट. अशा ठिकाणी रेट दुप्पट केला तर दुप्पट तलवारी त्याच गिल्डला मिळतील. तुमचा राग मला समजतो, पण तो बॉस कसा उगवतो यावर असायला हवा.

भाव वाढलाय म्हणता, तेही एकदा नीट पाहा. गोल्डमधला, म्हणजे गेमच्या चलनातला भाव वाढणं आणि तलवार महाग होणं वेगवेगळं असू शकतं. बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्रॅम) रात्रंदिवस गोल्ड खणत असतील आणि ते खर्च करायला दुरुस्ती, कर, प्रवासखर्च असे मार्ग कमी असतील, तर सगळ्याच वस्तूंचे आकडे फुगतात. ज्याचा पुरवठा वर्षभर सारखा आहे अशी एखादी साधी वस्तू घ्या, समजा बरं होण्याचं औषध, आणि एका तलवारीच्या किमतीत ती किती येतात ते महिन्या-महिन्याने बघा. ते प्रमाण स्थिर असेल तर तलवार महाग झालेली नाही, गोल्ड स्वस्त झालंय. मग मागणी बॉटवर कारवाईची करायला हवी.

मग तुमच्यासारख्यांचं काय? पाच टक्क्यांना कंपनीने वाऱ्यावर सोडावं, असं माझं मुळीच म्हणणं नाही. ६०० किल म्हणजे माणसाच्या आयुष्यातला खूप वेळ असतो. माझी मागणी हमीची आहे, म्हणजे ज्याला आपण पिटी म्हणतो: ठरावीक प्रयत्नांत वस्तू मिळाली नाही, तर ती नक्की द्यायची. गेन्शिन इम्पॅक्ट या गेममध्ये सोडतीतून मिळणाऱ्या पंचतारांकित कॅरेक्टरचा मूळ रेट ०.६ टक्के आहे, पण ९० प्रयत्नांत एक मिळतंच, त्यामुळे एकूण सरासरी १.६ टक्क्यांवर जाते. तिथे हमीने सरासरी बरीच हलते, कारण ती लवकर येते. आपल्या बॉसवर ती ६०० व्या किलला ठेवली, तर तलवारीमागे लागणारे किल सरासरी २०० वरून फक्त १९० वर येतात. पुरवठा जेमतेम ५ टक्क्यांनी वाढतो, आणि सातशे, हजार किल करूनही हात रिकामा अशी वेळ कोणावरही येत नाही. रेट दुप्पट करून पुरवठा शंभर टक्क्यांनी वाढतो, तरीही ६०० किलनंतर चारशेत एखादा रिकामा राहतोच. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

त्यावर एक अट मी जोडेन. हमीने मिळालेली तलवार खात्याला बांधलेली असावी, विकता येऊ नये. मग बाजारात विकाऊ माल एकानेही वाढत नाही, आणि बॉट चालवणाऱ्याला हमीचा काही उपयोग राहत नाही. यावर ‘मग माझी तलवार दुसऱ्याच्या तलवारीपेक्षा कमी किमतीची झाली’ असा आक्षेप येईल. येऊ द्या. ज्याला लढायला तलवार हवी आहे त्याला ती मिळते, आणि ज्याला विकायला हवी आहे त्याने बाजाराची जोखीम घ्यावी.

तोपर्यंत तुम्ही काय करावं, तर मागचे ६०० किल हिशोबातून काढून टाका. पुढच्या किलला शक्यता तेवढीच आहे, २०० मध्ये १. तासाला बारा किल होत असतील तर एका तलवारीला इथून पुढे सरासरी सोळा-सतरा तास लागतील. त्या बॉसकडून पडणारा बाकीचा माल विकून त्या तासांत किती गोल्ड येतं ते त्यात धरा, आणि तेवढाच वेळ तुमच्या सर्वांत जास्त कमाईच्या जागी घालवला तर किती येतं ते बघा. दोन्हींतला फरक तलवारीच्या आजच्या भावापेक्षा जास्त असेल तर विकत घ्या. कमी असेल आणि ती लढाई तुम्हाला अजून आवडत असेल, तर मारत राहा. आणि बॉस कसा उगवतो ते इथे लिहा, म्हणजे हमीची मागणी कंपनीकडे कोणत्या शब्दांत न्यायची ते आपल्याला मिळून ठरवता येईल.