मीटर कुठं असतो?

सोलापूर

चिरंजीव,

परवा नवी पेठेतल्या दुकानात तू मोबाईल पुढं केलास आणि हळूच विचारलंस, "काका, हे ॲप टाकलं की नेट फुकट मिळतं म्हणे, खरं का?" गिऱ्हाईक उभं होतं म्हणून तेव्हा नुसतं "बघू" म्हणालो. तुला रागवायला मला तोंड नाही. तुझ्या वयात मीही हेच केलंय.

आमच्या मामांच्या कापड दुकानात काळा डायलचा फोन होता. पोरांनी लावू नये म्हणून डायलच्या भोकात छोटं कुलूप. मला कुणीतरी सांगितलं, रिसीव्हर ठेवतात ती बटणं चालीनं टिचकावली की नंबर लागतो. पाचला पाच टिचक्या, शून्याला दहा, दोन आकड्यांच्या मध्ये जरा थांबायचं. मामा जेवायला गेले की मी टिचक्या मारत बसायचो. आठ वेळा चुकायचं, एकदा लागायचं. डायल तरी दुसरं काय करायची? तारेतला करंट तेवढ्या वेळा तोडायची. बोटानं तोडला का डायलनं, कॉल जोडणाऱ्या टेलिफोन एक्स्चेंजला काय कळणार! मी खूश, फोन फुकट झाला म्हणून. पुढचं बिल आलं आणि मामांनी मला भर बाजारात दुकानाबाहेर उभं केलं. कुलूप डायलला होतं, कॉल मोजणारा मीटर एक्स्चेंजात.

अमेरिकेत १९७० च्या आसपास जॉन ड्रेपर खेळण्यातल्या शिट्टीनं २६०० हर्ट्झचा सूर काढून लांबचे कॉल फुकट लावायचा. तेव्हा बोलणाऱ्याचा आवाज आणि कॉल जोडायचे इशारे एकाच लाइनीतून जात, म्हणून जमलं. पुढं इशाऱ्यांना वेगळी वाट दिली, खेळ खलास.

आता तुझं सिम घे. त्यात बॅलन्स नसतोच, तो कंपनीच्या सर्व्हरवर. सिममध्ये असते १२८ बिटांची गुप्त किल्ली, आणि तिची जोड कंपनीकडे. नेटवर्क एक आकडा पाठवतं, सिम त्याला किल्ली लावून उत्तर काढतं, जुळलं तर आत. किल्ली स्वतः हवेत कधी जात नाही. १९९८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी एका जुन्या जातीच्या सिममधली किल्ली बाहेर काढून दाखवली. क्लोन सिमच्या, म्हणजे हुबेहूब नकली सिमच्या, गप्पा अजून त्यावरच चालतात. पण क्लोन चाललं तरी बिल मूळ गिऱ्हाइकावर. म्हणजे परत मामाच! आयएमईआय बदलून डेटा मिळवून देणाऱ्याला तर हसून सोडून दे. तो हँडसेटचा नंबर, हिशेब सिमवर चालतो.

सगळीच थाप होती असं मात्र नाही. जिओच्या आधी, डेटा महाग होता तेव्हा, पोरं ऑपेरा मिनी ह्या ब्राउझरची 'हँडलर' लावलेली, म्हणजे आतून बदललेली, आवृत्ती वापरायची आणि ती चालायचीही. कंपनीनं एखादं पान फुकट ठेवलेलं असायचं आणि कंपनीच्या नाक्यावर डेटाच्या गाठोड्याचं फक्त वरचं नाव बघायचे. पोरं गाठोड्यावर त्या पानाचं नाव लिहून आपला माल काढायची. कंपनीला कळलं की भोक बुजायचं.

तुझ्या ॲपचं निराळंच आहे. परवा ते एसएमएस वाचायची परवानगी मागत होतं, मी बघितलं. फुकट नेटला तुझे एसएमएस कशाला हवेत बे? ओटीपी तिथंच येतो. तसंच ते '*२१* लावून अमका नंबर डायल कर, फ्री कॉलिंग चालू'. २१ हा कॉल वळवायचा कोड. तुला येणारे फोन त्याच्याकडे जाणार, फोनवर सांगितलेला ओटीपीसुद्धा. अशाच फसवणुकीपायी दूरसंचार खात्यानं २०२४ मध्ये कोड डायल करून कॉल वळवायची सोय थांबवायला लावली.

आणि समजा, खरंच आत शिरलास. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात नेटवर्कमध्ये विनापरवाना घुसायला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. एका रिचार्जपायी!

डोक्यातली खाज चांगली आहे, ती मारू नकोस. घरच्या वायफायवर वायरशार्क लाव, नेटवरून जाणारा-येणारा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर आहे ते, आणि स्वतःच्याच डेटाची पाकिटं उघडून बघ. अडलास की विचार.

रविवारी दुकान बंद असतं, दहाला ये. मोबाईल आण. आईचं विड्यांच्या मजुरीचं खातं याच नंबराला जोडलंय असं तूच म्हणाला होतास. ते ॲप आधी काढू, मग तिच्या बँकेचे मेसेज एकेक करून बघू.

तुझा,
दुकानवाला काका