गावात घरफोड्या, रात्रीची गस्त आणि भीती

लागोपाठ दोन घरफोड्या झाल्यापासून गावातली पोरं काठ्या घेऊन रात्रभर फिरतात, तरी घराघरांतली भीती वाढतच चालली आहे, असं तुम्ही लिहिलंय. गस्त बंद करू नका, पण आहे तशी चालूही ठेवू नका.

उद्याच पोलीस पाटलांना घेऊन ठाण्यात जा आणि रीतसर ग्रामसुरक्षा दल करा. प्रत्येकाचं नाव ठाण्यात नोंदवलेलं हवं. पाळ्या लावा, आठवड्यातून एका माणसाला एकच रात्र. नाहीतर पेरणी आली की गस्त मोडते. प्रत्येक पाळीत एक तरी पोक्त माणूस असू द्या. ग्रामसुरक्षा यंत्रणेत गावाची नोंद नसेल तर तीही करून घ्या. एका फोनवर सगळ्या गावाचे मोबाइल एकदम वाजतात. लग्नाला, वारीला जाणाऱ्यांनी शेजाऱ्यांना सांगून जावं. चोर बंद घराचाच कडीकोयंडा बघतो.

आता भीतीचं. ती दोन घरफोड्यांची कमी आणि व्हॉट्सअॅपवरच्या मेसेजची जास्त असते. २०२४च्या पावसाळ्यात चोर ड्रोनने टेहळणी करतात अशा वावड्यांनी मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्यात गावंच्या गावं जागी होती. अशा भीतीत हातात काठी असली की काय होतं, ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावाने दाखवलंय. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून लोकांनी ठार मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. मारणारे तुमच्याआमच्यासारखे घाबरलेले गावकरी होते. म्हणून दलाच्या पहिल्याच बैठकीत सगळ्यांकडून कबूल करून घ्या: अनोळखी माणूस दिसला तर नावगाव विचारायचं, शंका वाटली तर पोलिसांचा ११२ नंबर लावायचा, पोलीस येईपर्यंत त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही आणि व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा नाही. भटक्या समाजाची पालं गावाबाहेर पडली असतील तर दलातल्या दोघांनी दिवसाच जाऊन ओळख करून घ्यावी. एवढ्याने निम्मा संशय मिटतो, असं माझं ठाम मत आहे.

मेसेज खरा की खोटा, हे बीट अंमलदारांना, म्हणजे आपल्या भागासाठी नेमलेल्या पोलिसांना, विचारून एकाच माणसाने ग्रुपवर सांगावं, बाकीच्यांनी पुढे ढकलू नये.

आणि बैठकीला बायांना बोलवा. कुठल्या बोळात अंधार असतो, कुठे जायला धाकधूक होते, हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. त्यांनी दाखवलेल्या खांबांवरचे दिवे ग्रामपंचायतीकडून आधी लावून घ्या, कॅमेऱ्यांची वर्गणी नंतर काढा.