दहा मुठींचा मांडव

"ताई, खोटं वाटेल तुम्हाला, पण शाळा माझ्या मुलीला रोज भंगारात खेळायला सोडते."

व्हिडिओ कॉलवरचं तिचं हे पहिलंच वाक्य. बाई मूळ ठाण्याची, बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. लग्न होऊन इस्रायलमध्ये अश्दोदला गेलेली. मी पुण्यात. तिकडे समुपदेशक मिळत नाहीत असं नाही, पण "हिब्रूत भांडता येतं मला, रडायला मराठीच लागते," असं तिनेच सांगितलं. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. मुलीला चिऊ म्हणू.)

चिऊ पाच वर्षांची. तिकडे तीन ते सहा वर्षांची मुलं 'गन'मध्ये जातात. गन म्हणजे बाग, आणि शिकवणारी ती 'गनेनेत'. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, आपल्या बालवाडीतली वाडीही तीच. पुढच्या वर्षी चिऊ पहिलीत जाणार, आणि आईची झोप उडालेली. वही नाही, गृहपाठ नाही, अक्षरं गिरवणं नाही. ठाण्याची मामेबहीण सीनियर केजीत शंभरपर्यंत आकडे लिहिते, तिच्या वहीचे फोटो घरच्या ग्रुपवर येतात. आणि आपली लेक घरी काय आणते? गुडघ्याला माती आणि खिशात गंजलेला नट. गनेनेतला विचारलं तर ती म्हणाली, वाचन पहिलीत शिकवतातच, आता तिला प्रश्न पडतायत ते पडू द्या.

त्या भंगाराबद्दल आधी सांगते, कारण मलाही ते नवीन होतं. इस्रायलमधल्या पुष्कळ बालवाड्यांच्या अंगणात मुद्दाम मोडक्या वस्तू ठेवलेल्या असतात: टायर, कपाटाची दारं, जुने नळ, पातेली, बंद पडलेला रेडिओ. 'हत्सर ग्रुताओत', म्हणजे शब्दशः भंगाराचं अंगण. सदे एलियाहू या किबुत्झमधल्या (किबुत्झ म्हणजे सामूहिक वसाहत) मल्का हास या शिक्षिकेने ही कल्पना रुजवली. मुलांना खेळण्यातलं खोटं पातेलं नको, मोठ्यांच्या जगातलं खरं द्या, काय करायचं ते ती ठरवतील, असा विचार. ऐकताना मला आपल्या ताराबाई मोडक आठवल्या. १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडला त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे यांचीच शैक्षणिक साधनं केली होती. विकतची परवडत नव्हती हे एक कारण, पण तेवढंच नाही.

आता माझी चूक. पहिल्या भेटीत मी तिला म्हटलं, "अगं, या वयात मुलं खेळातूनच शिकतात." हे वाक्य आम्ही समुपदेशक फोडणीत कढीपत्ता टाकावा तसं टाकत असतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हो, पण म्हणजे नेमकं काय शिकते?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या अंगणात मी कधी बसले नव्हते. तीही नव्हती.

दुसऱ्या भेटीत घरचं चित्र उलगडलं. शाळा शिकवत नाही म्हणून रोज रात्री आठ वाजता ती स्वतः चिऊला घेऊन बसायची. तीन वह्या: हिब्रू, इंग्रजी, आणि आजीशी नाळ तुटू नये म्हणून मराठी. गेले दोन महिने चिऊचं पोट दुखत होतं. "गनला जायचं नसतं म्हणून," असा आईचा अंदाज. मी वेळ विचारली. सकाळी सातला दुखतं का? नाही. संध्याकाळी. साडेसात, पावणेआठला.

कॅमेऱ्यासमोर ती थोडा वेळ गप्प राहिली. मीही राहिले.

मग तिने एक कागद दाखवला. चिऊने हिब्रूत स्वतःचं नाव लिहिलेलं, पण डावीकडून उजवीकडे, दोन अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी. "डिस्लेक्सिया तर नाही ना?" पाच वर्षांच्या मुलांनी अक्षर उलटं काढणं अगदी नेहमीचं आहे. कप उजवीकडे तोंड करून ठेवला काय आणि डावीकडे काय, तो कपच राहतो. अक्षराचं तसं नसतं, हे मुलाला सावकाश उमगतं. शिवाय या मुलीसमोर एक लिपी उजवीकडून चालते आणि दोन डावीकडून. तिचा गोंधळ झाला नसता तरच मी जरा बारकाईने पाहिलं असतं.

त्या दिवशी मी सल्ला दिला नाही, काम दिलं. गनेनेतची परवानगी काढून एक सकाळ अंगणात बसायचं. मुलीशी बोलायचं नाही. ती काय करते ते घड्याळ लावून लिहायचं. 'छान', 'हुशार', 'मस्ती', 'टाइमपास' हे शब्द बंद.

सुक्कोत जवळ आला होता. हा ज्यूंचा, पौर्णिमेला सुरू होणारा सण, कधी कधी नेमका कोजागिरीलाच येतो. घराबाहेर मांडव घालतात, त्याला सुक्का म्हणतात, आणि सणाचे दिवस त्यात जेवतात. छपराला पानं-फांद्या, पण अशा विरळ की त्यातून चांदण्या दिसाव्यात. ठाण्याला झावळ्या घालायचे, तिला आठवत होतं.

तिच्या टिपणातला तुकडा जसाच्या तसा देते:

"९.१०. चिऊ आणि दोन मुलगे. कपाटाचं दार, फांद्या, पेट्या. सुक्का करायचाय. ९.१४. दार उभं केलं. पडलं. ९.१५. परत. पडलं. एक मुलगा हसला. चिऊ त्याला ओरडली. ९.१८. चिऊ टायर ओढत आणते. मी उठले. गनेनेतने हातानेच खाली बस म्हटलं. ९.२१. टायरमध्ये दार अडकवलं. उभं राहिलं. ९.२३. गनेनेत आली. विचारते, भिंत पुरेशी उंच आहे का? दुसरा मुलगा म्हणतो, माझे सबा म्हणतात दहा तेफाख लागतात."

सबा म्हणजे आजोबा. तेफाख हे जुनं माप: मुठीची रुंदी, आपल्या बोलीत चार बोटं. सुक्क्याची भिंत निदान दहा तेफाख हवी, असा धर्मशास्त्राचा नियम. तर चिऊने मुठीवर मूठ ठेवत दार मोजलं. सोळा. गनेनेतने मोजलं तर दहा. म्हणजे दार पुरेसं उंच, पण मुलांना तो प्रश्नच उरला नव्हता. एकच दार सोळा आणि दहा दोन्ही कसं? यावर टिपणानुसार अकरा मिनिटं वाद झाला. गनेनेत तिथेच उभी होती, तिने निकाल दिला नाही. शेवटी चिऊ म्हणाली, मोठ्या माणसाच्या मुठीने मोजायचं, कारण आत सबाही बसणार आहेत.

मला वाटलं आई मापाबद्दल बोलेल. ती बोलली वेगळंच. "ताई, ती सोळापर्यंत न चुकता मोजते. घरी वहीत दहाच्या पुढे अडते." का अडत असेल, असं मी विचारायच्या आत तिनेच सांगितलं, "दहा म्हटल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघते."

मग तिला पेसाखच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची आठवण जागवणाऱ्या ज्यू सणाच्या, रात्रीची आठवण आली. त्या रात्री जेवणाआधी घरातल्या सगळ्यात लहान मुलाने प्रश्न विचारायचे असतात: आजची रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का? मुलांनी विचारावं म्हणून ताटात मुद्दाम वेगळे पदार्थ मांडतात. प्रश्न आला की मग मोठे गोष्ट सांगणार. या विधीची पोथी, हग्गादा, मुंबईत १८४६ सालीच मराठीत छापली गेली. म्हणजे मराठी घरांत हे प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारले गेलेत. "घरात सगळ्यात लहान मीच होते," ती म्हणाली. "पाठ करून घ्यायचे माझ्याकडून. एक शब्द चुकला की बाबा डोळे वटारायचे." आणि हसली. हसता हसता डोळे पुसले.

या गोष्टीवरून कुणी असं समजू नये की मूल खेळतंय म्हणजे सगळं आपोआप ठीक असतं. पाच वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला कळत नसेल, दोन टप्प्यांची साधी सूचना ("चप्पल काढ आणि डबा आण") पाळता येत नसेल, इतर मुलांमध्ये ते मिसळतच नसेल, किंवा आधी येणारी गोष्ट येईनाशी झाली असेल, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या, मग विकासतज्ज्ञांना दाखवा. इस्रायलमध्ये 'तिपात हलाव', म्हणजे 'दुधाचा थेंब', नावाची बालआरोग्य केंद्रं सहा वर्षांपर्यंत मुलांची वाढ बघतात. चिऊचं तिथलं कार्ड मी मागवलं होतं, त्यात काळजीचं काही नव्हतं. सगळंच अंगण चांगलं असतं असंही नाही. गनेनेत कोपऱ्यात फोन बघत बसली असती आणि मुलं नुसती सोडून दिली असती, तर माझा सल्ला निराळा असता. इथे तिने तासाभरात एकच प्रश्न विचारला, पण तो विचारण्याआधी ती तेरा मिनिटं बघत होती.

दीड महिन्याने शेवटचा कॉल झाला. हिब्रू आणि इंग्रजी वह्या कपाटात गेल्या होत्या. मराठीची राहिली, आजीच्या, म्हणजे नानीच्या, हट्टाने. नानी आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगते, चिऊ चित्र काढते, नानी खाली एक शब्द लिहिते. मी हरकत घेतली नाही. पोटदुखी मधे एकदा परतली होती, घरी पाहुणे आले आणि कुणीतरी "एबीसीडी म्हणून दाखव" म्हटलं तेव्हा. मामेबहिणीच्या वहीचे फोटो अजून येतात आणि आईला अजून लागतात. तेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

आम्ही निरोप घेत होतो तेवढ्यात चिऊ पडद्यावर घुसली. लॅपटॉपच्या कडेवरून मुठीवर मूठ चढवत मोजलं आणि मला विचारलं, "मावशी, तुझा फोन किती मुठी आहे?"

मी मोजला. "दोन."

"कुणाच्या?"