बडोद्याहून लांबच्या रेल्वेप्रवासाला थेपले न्यावेत की दशम्या? थेपले चिकट आणि दशम्या कडक का होतात?

तुम्ही लिहिलं आहे की मे महिन्यात सहा मोठी माणसं बडोद्याहून रतलाम, उज्जैन, कानपूरमार्गे वाराणसीला निघाली आहेत. गाडी संध्याकाळची आहे आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पोचते. गुजराती मैत्रिणीने थेपल्यांची कृती दिली, बदल्यात तिला तुमच्याकडची दशमी हवी आहे. पण मागच्या वेळी थेपले दुसऱ्या दिवशी चिकट होऊन आंबले आणि दशम्या वातड झाल्या.

ताई, दोन्ही न्या, फक्त दशम्या आधी संपवा आणि थेपले मागे ठेवा. बहुतेक घरांत याच्या उलट होतं. थेपला मऊ दिसतो म्हणून आधी खाल्ला जातो आणि दुधातली दशमी दुसऱ्या रात्रीपर्यंत डब्यात पडून राहते. बडोद्याच्या मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, गाडीच्या साध्या डब्यातही उकाडाच असतो. अशा हवेत दशमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निर्धास्त खावी, त्यापुढे नाही. थेपला नीट केला तर दोन दिवस सहज जातो.

तुमच्या थेपल्यांचं काय झालं ते मैत्रिणीच्या कृतीतच दिसतं. अर्धा किलो कणकेला एक मोठी वाटी दही आणि मेथीची अख्खी जुडी. घरी गरम गरम खायला ही कृती उत्तम आहे, तिच्यात काही खोट नाही. पण प्रवासाच्या थेपल्यात ओल जितकी कमी, तितकं त्याचं आयुष्य जास्त. दह्याचं पाणी, मेथीचं पाणी, आणि वर तव्यावरून उतरवून थेट डब्यात भरल्याने साचलेली वाफ, अशी तिन्ही बाजूंनी ओल लागली. तोडताना तार सुटत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर तो थेपला पुन्हा गरम करून खाऊ नका, टाकून द्या.

प्रवासाच्या थेपल्यांचं माप, अर्धा किलो बारीक दळलेल्या कणकेला: तेल ५ मोठे चमचे, फडक्यात तासभर टांगून घट्ट केलेलं दही ४ मोठे चमचे, किसलेला गूळ दीड मोठा चमचा, तीळ २ मोठे चमचे, तिखट २ छोटे चमचे, मीठ २ छोटे चमचे, हळद आणि ओवा एकेक छोटा चमचा. मेमध्ये खंडेराव मार्केटला मेथी मिळाली तरी ती निबर आणि कडसर असते. त्यापेक्षा वाळवलेली कसुरी मेथी ४ मोठे चमचे, मंद तव्यावर मिनिटभर शेकून, हातावर चुरून घाला. ओली मेथी घालायचीच असेल तर शंभर ग्रॅम पानं धुऊन, पंख्याखाली पसरून पूर्ण कोरडी करा आणि मगच चिरा. दुधीचा थेपला प्रवासाला मुळीच नको. बाजरीचं पीठही टाळा, ते उन्हाळ्यात लवकर खवट होतं आणि ती चव थेपल्यात उतरते.

तेल आधी कोरड्या पिठाला चोळा. मूठ दाबली की पीठ क्षणभर मुठीच्या आकारात राहिलं पाहिजे. मग दही, गूळ, मसाला, आणि शेवटी लागेल तसं पाणी घाला, साधारण पाऊण वाटी ते एक वाटी. पीठ पोळीपेक्षा किंचित घट्ट हवं. दहा मिनिटं झाकून लगेच लाटायला घ्या. तासभर ठेवलं तर गूळ आणि मीठ ओल सोडतात, पीठ सैल होतं, मग लाटताना परथन जास्त लागतं. हे जास्तीचं परथन तव्यावर करपतं आणि थेपला कोरडा करतं.

तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर थेपला शेकत बसलात तर आतली ओल हळूहळू उडून तो कडक होतो. लिंबाएवढ्या लाटीचा सात इंची थेपला दोन्ही बाजूंनी मिळून दीड मिनिटाच्या आत उतरला पाहिजे. प्रत्येक बाजूला अर्धा छोटा चमचा तेल सोडून उलथण्याने दाबा.

उतरवल्यावर प्रत्येक थेपला स्वच्छ सुती फडक्यावर सुटा पसरायचा, एकावर एक नाही. तळहात टेकवल्यावर ऊब अजिबात लागली नाही की मगच चवड रचा, चवड कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि डब्यात ठेवा. सगळे थेपले एका मोठ्या डब्यात भरू नका. एका जेवणाचा एक डबा केला की बाकीच्यांना हात आणि हवा लागत नाही. बरेच जण वर्तमानपत्रात बांधतात, ते करू नका. छपाईच्या शाईत शिसं आणि इतर घातक रसायनं असतात, ती तेलकट पदार्थात उतरतात. अन्नसुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरणही याबद्दल बजावत आलं आहे.

आता दशमी. मैत्रिणीला कृती देताना एक गोष्ट ठळक लिहा: पीठ पोळीचं, म्हणजे झीणो लोट (बारीक पीठ). गुजराती घरात भाखरीचा जाडा लोटही असतो, त्याची दशमी कडेने फाटते. अर्धा किलो कणीक, ३ मोठे चमचे तेल किंवा पातळ केलेलं तूप, एक छोटा चमचा मीठ, आणि उकळून कोमट केलेलं सायीसकट दूध साधारण २८० मिलि. पाणी एक थेंबही नाही. जुन्या घरांत दुधात भिजवलेलं सोवळ्यात चालायचं म्हणून ही प्रवासाची शिदोरी झाली. सोवळं पाळत नसलात तरी दुधाचा दुसरा फायदा आहेच: त्यातल्या स्निग्धांशामुळे गार दशमीही मऊ राहते. तुमच्या दशम्या वातड झाल्या त्यामागे बहुधा कमी मोहन आणि मंद आच होती. दूध फ्रीजमधलं थंड असेल तर तेही कारण, कारण त्याने कणीक आवळते आणि आपण घाईत जाड लाटतो. पीठ २० मिनिटं झाकून ठेवा, पोळीहून थोडी जाड लाटा, तेल लावून दोन्हीकडे खमंग भाजा.

सकाळच्या चहाबरोबर गुळाची दशमी हवी. ३०० ग्रॅम कणीक, १२० ग्रॅम गूळ, २ मोठे चमचे तूप, साधारण १३० मिलि दूध, थोडी वेलची. इथे बहुतेकांचं दूध फाटतं. उकळत्या दुधात गूळ टाकू नका. दूध कोमट झाल्यावर किसलेला गूळ त्यात विरघळवा आणि गाळून घ्या, नाहीतर खडे दाताखाली येतात. ही दशमी मात्र मध्यम-मंद आचेवरच भाजा, गूळ लगेच करपतो.

सहा माणसांचा हिशेब असा धरा. पहिल्या रात्री साध्या दशम्या माणशी तीन, म्हणजे १८, त्याला ६०० ग्रॅम कणीक. सकाळी गुळाच्या माणशी दोन, वर दिलेल्या मापात बाराच होतात. दुपार आणि रात्र मिळून थेपले माणशी सात, म्हणजे ४२, त्याला एक किलो कणीक आणि वरचं माप दुप्पट. बसून केलेल्या प्रवासात भूक घरच्यापेक्षा कमीच लागते, त्यामुळे याहून जास्त करू नका.

पहिल्या रात्रीला बटाट्याच्या काचऱ्या करा. एक किलो बटाटे, कांदा नाही, झाकणावर पाणी नाही, तेलावर कोरड्या परतायच्या. त्या त्याच रात्री संपवा, उरल्या तर सकाळसाठी ठेवू नका. पुढच्या जेवणांना लसणाची कोरडी चटणी: किसलेलं सुकं खोबरं १०० ग्रॅम, शेंगदाणे ५० ग्रॅम, २० लसूण पाकळ्या, तीळ २ मोठे चमचे, तिखट २ छोटे चमचे, मीठ दीड. लसूण थोड्या तेलात बदामी आणि कोरडा होईपर्यंत परता. तो कच्चा राहिला की चटणीचे गोळे होतात. सगळं गार झाल्यावरच कुटा. गोड तोंडी लावायला मैत्रिणीकडून छुंदो, म्हणजे कैरीचा गोड छुंदा, मागून घ्या, पण बाटली पिशवीत आडवी ठेवू नका, पाक झिरपतो.

झटपट पोहे-उपम्याची पाकिटं घेण्यात अर्थ नाही. त्यांना उकळतं पाणी लागतं आणि गाडीच्या डब्यातल्या मोबाइलच्या प्लगला किटली लावायला रेल्वेची मनाई आहे. चेवडा न्यायचा तर पातळ पोह्यांचा न्या. आपला बडोद्याचा लीलो चेवडो ओलसर असतो, तो निघताना ताजा घेऊन पहिल्याच संध्याकाळी संपवायचा.

उत्तरेकडे गाडी चार-सहा तास रखडली तर हाताशी काहीतरी हवं, त्यासाठी बिस्किट भाखरी करा. मैत्रिणीला ती नक्की येत असेल. २५० ग्रॅम जाडा लोट, ७० ग्रॅम तूप, जिरं, मीठ आणि ८०-९० मिलि दूध घालून अगदी घट्ट पीठ मळा. तळहाताएवढ्या, बोटाच्या अर्ध्या जाडीच्या भाखऱ्या लाटून मंद आचेवर लाकडी दट्ट्याने दाबत एकेक ८ ते १० मिनिटं भाजा. मोडल्यावर आत कोरडी आणि खुसखुशीत निघाली तरच झाली समजा. मधोमध ओलसर रेघ दिसली तर पुन्हा तव्यावर टाका. पूर्ण गार करून पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. ही आठवडाभर टिकते, म्हणून निघायच्या तीन दिवस आधीच करून ठेवा, म्हणजे प्रवासाच्या दिवशी सगळा वेळ थेपले आणि दशम्या गार करायला मिळेल.