आजोबांचा जुना पितळी टेबल लॅम्प हात लावला की शॉक देतो. घरच्या घरी वायरिंग बदलता येईल का?

येईल. पण आधी एक काम करा, बाकीचं उत्तर नंतर वाचा. प्लग सॉकेटमधून काढा आणि लॅम्पची वायर प्लगपाशी पक्कडीने कापून टाका. नुसता प्लग काढून ठेवू नका, कापाच. घरात कोणीतरी 'बघू तरी लागतोय का' म्हणून लावतंच.

तुम्ही लिहिलंय की लॅम्प सुरू असताना दांड्याला हात लागला की झिणझिण्या येतात, टू-पिन प्लग उलटा लावला की येत नाहीत, आणि इलेक्ट्रिशियन म्हणाला, "फेकून द्या, मजुरीत नवा येईल." मजुरीच्या हिशेबाने त्याचं चुकलं नाही. पण प्लग उलटा केल्याने लॅम्प बरा झालेला नाही, तो फक्त गप्प बसलाय. त्या काळच्या वायरीत तांब्यावर रबर आणि वरून सुती विणकाम असायचं. बल्बच्या उष्णतेने आणि वयाने रबर कडक होतं, वाकवलं की बिस्किटासारखं झडतं. तुमच्या लॅम्पमध्ये एका तारेचं रबर झडून तांबं पितळेला टेकलेलं दिसतंय. प्लग एका बाजूने बसला की ती तार फेज होते आणि अख्खा लॅम्प २३० व्होल्टवर उभा राहतो. दुसऱ्या बाजूने बसला की तीच न्यूट्रल, म्हणजे परतीची तार. आणि उलट्या प्लगमुळे बटण न्यूट्रल तोडत असेल, तर लॅम्प बंद दिसतो पण होल्डर जिवंतच असतो. बल्ब बदलताना बोट आत गेलं की कळतं.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण, का पडला नाही? कारण करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती. ती वाट तुम्ही होता. झिणझिण्यांवर भागलं ते पायातल्या चपलेमुळे किंवा कोरड्या फरशीमुळे. फरशी नुकतीच पुसलेली असती तर वेगळं झालं असतं.

मी एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, पण हे काम शिकलो ते वडिलांच्या लॅम्पवर. बाबा रात्री त्याच्या उजेडात सोसायटीचे हिशेब लिहायचे. बैठकीवर तपकिरी बॅकेलाइटचं बटण, दाबलं की जाड आवाजात 'टक्'. अंथरुणात पडल्यापडल्या तो टक् ऐकला की समजायचं, बाबा झोपायला निघाले. बाबा वारल्यावर मी लॅम्प उघडला आणि उत्साहात होतं नव्हतं ते सगळं बदललं, बटणसुद्धा. आईच्या खोलीत नेऊन ठेवला. तिने दोनदा लावला, दोनदा बंद केला आणि म्हणाली, "छान झालाय. पण यांचा नाही वाटत." नवं बटण मऊ होतं, आवाजच नव्हता! नशिबाने मी काही फेकत नाही. बिस्किटांच्या डब्यात जुनं बटण सापडलं, आतली तोंडं बारीक पॉलिश पेपरने घासली आणि परत बसवलं.

म्हणून सांगतो, उघडण्याआधी या लॅम्पमध्ये आजोबा नेमके कुठे आहेत ते ठरवा. दांड्यावरचा पोचा असेल, शेडवरचा डाग असेल. ते सोडून ज्यातून वीज जाते ते सगळं निर्दयपणे नवीन. जुनं बटण ठेवायचंच असेल तर मल्टिमीटरवर तपासा: बटण चालूवर ठेवलं की जवळपास शून्य ओहम, बंदवर ठेवलं की काही नाही (शून्य नव्हे, जोडच नाही), आणि बाहेरच्या धातूशी कधीच जोड नाही. तडा गेला असेल तर शोभेपुरतं जागेवर राहू द्या आणि वायरवर नवा स्विच घाला.

सामान फार नाही. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ. तीन कोरची (आत तीन तारा असलेली) ०.७५ चौरस मिलिमीटरची फ्लेक्झिबल वायर तीन मीटर, ६ अँपिअरचा थ्री-पिन प्लग, होल्डर, वायर बाहेर पडते त्या भोकात बसणारं रबरी बुश, एक स्टार वॉशर आणि वायरच्या टोकाला लावायचा रिंगचा लग. दुकानदार "लॅम्पला दोन कोर पुरते" म्हणेल. प्लास्टिकच्या लॅम्पला पुरते. पितळी लॅम्पला अर्थिंग हवंच. कापडी वेष्टनाची वायर दिसायला जुन्यासारखी असते. ती घेतलीत तरी तीन कोरचीच घ्या.

बैठकीखालची बनात (चिकटवलेलं जाड कापड) हलक्या हाताने सोडवा. आत बहुधा बिडाचं वजन असतं. माझ्या लॅम्पमध्ये त्या वजनाखाली पीएमटीच्या बसचं तिकीट चार घड्या करून सारलेलं होतं, लॅम्प डुगडुगू नये म्हणून. परत तिथेच ठेवलं.

खरा वेळ जातो तो नळीतून वायर ओढण्यात. सोपी युक्ती अशी की नवी वायर जुनीच्या टोकाला बांधायची, वर चिकटपट्टी गुंडाळायची आणि जुनी दुसऱ्या बाजूने ओढायची. माझी जुनी वायर वितळून आत चिकटली होती, अर्ध्यात तुटली. तासभर मीच उसासत बसलो. शेवटी सायकलच्या ब्रेकची तार घातली, ती सरळ आरपार गेली, मग नवीवर टाल्कम पावडर चोळून तिच्यामागून ओढली. नळीच्या तोंडाला धार असते, ती आधी कानशीने मोडा. नाहीतर नवी वायरही तिथेच सोलली जाईल.

जोडताना तपकिरी म्हणजे फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. फेज बटणातून न्या. होल्डर आपला नेहमीचा पिनचा असेल तर दोन्ही टर्मिनल सारखेच. आट्यांचा असेल तर फेज मधल्या टिकलीला, आट्यांना कधीच नाही. स्क्रूखाली जाणारी टोकं पीळ देऊन दुमडा, सोल्डर करू नका. दबावाखाली सोल्डर हळूहळू पसरतो आणि जोड सैल पडतो. अर्थची तार लग लावून बैठकीच्या धातूला आवळा, पण आधी तेवढी जागा चकचकीत होईपर्यंत खरवडा. पितळेवर बऱ्याचदा लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशसारखा थर असतो, त्यातून अर्थिंग मिळत नाही. होल्डरही धातूचा असेल तर त्याच्यापर्यंत अर्थ पोचतंय ना ते बघा. वायर बैठकीत शिरते तिथे आतून गाठ मारा, म्हणजे कोणी पाय अडकून ओढली तरी ताण टर्मिनलवर येणार नाही. प्लगमध्ये अर्थची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. ओढाताणीत शेवटी तीच सुटली पाहिजे.

आता भिंतीत लावण्याआधी मल्टिमीटर. प्लगची मोठी (अर्थची) पिन आणि लॅम्पचा दांडा यांच्यात जवळपास शून्य ओहम. बाकीच्या दोन पिना आणि दांडा यांच्यात, बटण चालू असताना आणि बंद असताना, काहीही जोड दिसता कामा नये. दिसलं तर लॅम्प परत उघडा. मल्टिमीटर नसेल तर तेवढ्यापुरता इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि आलाच आहे तर सॉकेटलाही अर्थिंग आहे ना ते बघायला सांगा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक कित्येकदा नुसतं शोभेचं असतं. तसं असेल तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

बल्ब एलईडीच लावा, पिवळसर उजेडाचा. ९ वॅटचा जुन्या ६० वॅटच्या जवळपास उजेड देतो आणि शेड भाजत नाही. पितळ चिंचेने घासायचा मोह आवरा. हातांनी गुळगुळीत झालेला तो काळपट रंग एकदा गेला की तुमच्या हयातीत परत येणार नाही. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस.

बैठक उघडलीत की आतला आणि होल्डरचा फोटो इथे टाका. आटे कसे आहेत ते बघून कोणता होल्डर बसेल ते सांगतो.