इनबोर्ड डिझेल इंजिनाच्या कूलिंग आणि एक्झॉस्टचं मेंटेनन्स कितीदा करायचं?

तुम्ही विचारलंय की दाभोळच्या खाडीत जुनी फायबर बोट घेतली, आत तीन सिलिंडरचं डिझेल आहे, मागून पाणी कमी पडतं, पांढरी वाफ दिसते, तर कूलिंग आणि एक्झॉस्टकडे किती दिवसांनी बघायचं. आणि शेवटी सहज लिहिलंय की चालू व्हायला जरा वेळ लागतो, सात-आठ वेळा सेल्फ मारावा लागतो. बाकीचं नंतर सांगतो, आधी ते सेल्फ मारणं बंद करा. मी लिहायला बसलो ते तुमच्या त्या एका वाक्यासाठी.

मी बडोद्याचा. मकरपुरा जीआयडीसीत 22 वर्षं डिझेल पंप आणि नोझलचं काम करतोय. इथे समुद्र नाही पण नर्मदामैया आहे, आणि चांदोदला आमची एक बोट होती, माझी आणि भाऊजींची, म्हणजे ताईच्या यजमानांची, अर्ध्या-अर्ध्या पैशात. भरूचहून सेकंडहँड घेतलेली, तुमच्यासारखीच, इनबोर्ड म्हणजे इंजिन बोटीच्या आत, हीट एक्सचेंजरवाली म्हणजे बाहेरच्या पाण्याने इंजिनाचं कूलंट थंड करणारी, एक्झॉस्टमध्ये पाणी सोडून मागे रबरी होजने बाहेर. रविवारी घरच्यांना घेऊन जायचो, बाकी मल्हारराव घाटापाशी बांधलेली असायची.

त्या बोटीचा इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक, मी बदललं होतं. जुन्याची पाती एका बाजूला वाकून कडक झाली होती आणि दोन मुळाशी चिरली होती. भाऊजी म्हणाले चालतंय ना, कशाला खर्च. मी ऐकलं नाही, नवीन टाकला, पाणी मागून धो धो पडायला लागलं. आठ दिवसांनी अमावस्या आली, ताईला आणि आईला करनाळीला कुबेर भंडारीचं दर्शन घ्यायचं होतं म्हणून बोटीनेच गेलो. अमावस्येची रांग केवढी असते ते गेलेल्यांना माहिती आहे. मी दोघींबरोबर वर गेलो, भाऊजी बोटीत थांबले, आणि थांबले तर स्वस्थ बसायचं ना, ते डिझेलचा फिल्टर बदलत बसले. बदलला तो बदलला, लाइनमधली हवा काढली नाही, त्यामुळे इंजिन चालू होईना.

परत येताना पायऱ्यांवरूनच मला आवाज येत होता, सेल्फ फिरतोय, थांबतोय, परत फिरतोय. मी वरून ओरडलो थांबा म्हणून, पण घाटावरच्या गर्दीत कोण ऐकतंय. मग एकदम ठक् झालं आणि सेल्फ जागच्या जागी अडकला. भाऊजींना वाटलं बॅटरी उतरली, त्यांनी शेजारच्या होडीवाल्याची बॅटरी जोडून परत मारला. मी पोचेपर्यंत झालं ते झालं होतं.

मी तिथेच तिन्ही नोझल काढले आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवलं. तिसऱ्या भोकातून पाण्याची पिचकारी थेट वरच्या ताडपत्रीला लागली, तांबूस गंजाचं पाणी, वर डिझेलचा तवंग. आई शेजारी प्रसादाची पिशवी घेऊन उभी होती, तिच्या लुगड्यावर डाग पडले ते शेवटपर्यंत गेले नाहीत. नंतर मकरपुऱ्यात हेड खोललं तेव्हा तिसरा पिस्टन टॉपला आल्यावर बाकीच्या दोघांपेक्षा 2 मिलीमीटर खाली राहत होता. रॉड वाकला होता.

हे का होतं ते नीट समजून घ्या. पाण्याचा पंप इंजिनाबरोबरच फिरतो, म्हणजे सेल्फ मारला तरी फिरतो आणि पाणी खेचून एक्झॉस्टच्या एल्बोत, म्हणजे जिथे पाणी धुरात मिसळतं त्या वळणाच्या पाइपात, ओततो. इंजिन चालू असेल तर धूर त्या पाण्याला ढकलून बाहेर काढतो. चालू झालंच नाही तर ढकलणार कोण? खालचा वॉटरलॉक मफलर, म्हणजे एक्झॉस्टचं पाणी साठणारा डबा, भरतो, मग पाणी पाइपातून वर चढतं, एल्बोवरून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या पाइपात, उतरतं आणि जो एक्झॉस्ट वॉल्व उघडा असेल त्यातून सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही. हवेसारखं नाही ते. मग सेल्फच्या जोराने रॉड वाकतो.

म्हणून दोन वेळा 10-10 सेकंद सेल्फ मारून चालू झालं नाही तर तळाचा सीकॉक, म्हणजे बाहेरचं पाणी आत घेणारा कॉक, बंद करा आणि आधी कारण शोधा. हवा असेल तर हवा काढा, ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे) असतील तर ते बघा. मग सीकॉक बंद ठेवूनच सेल्फ मारा, आणि चालू झालं की लगेच सीकॉक उघडा, तिथे मिनिट लावू नका, कोरड्यात इम्पेलर बघता बघता जळतो. सात-आठ वेळा मारून झालंच असेल तर वॉटरलॉकच्या खालचा ड्रेन प्लग काढून पाणी सोडून द्या. आणि सेल्फ ठक् करून अडकला तर परत हात लावायचा नाही, नोझल काढून हाताने फिरवायचं.

आता भाऊजींचं म्हणणं. गणपतीत सगळे जमले असताना ते सगळ्यांसमोर म्हणाले, चार वर्षं बोट चालली, काही झालं नाही, याने नवीन इम्पेलर टाकला आणि आठ दिवसांत इंजिन गेलं. आणि घरात सगळ्यांना ते पटलं, कारण दिसायला तसंच दिसतं. त्यातला अर्धा भाग खरा पण आहे. जुना इम्पेलर इतका ढिला होता की सेल्फच्या गतीला पाणी ओढतच नव्हता, म्हणून तीच चूक चार वर्षं पचली. पण तोच इम्पेलर अजून एक उन्हाळा ठेवला असता तर चालत्या इंजिनाला पाणी कमी पडून रबरी होज जळाला असता. लोडवर एक्झॉस्टचा गॅस 400-500 डिग्री असतो, तो होज फक्त पाण्यामुळे टिकतो. नवीन इम्पेलर हा दोष होऊ शकत नाही. चावीपाशी सीकॉकची सूचना चिकटवायला हवी होती एवढं माझं चुकलं, ते मी तेव्हाही कबूल केलं होतं.

तुमच्या पाणी कमी पडण्याचं कारण बहुतेक दोन जागी सापडेल. इम्पेलर काढून बघा, पाती मोजा, जेवढी तुटलेली असतील तेवढे तुकडे सापडलेच पाहिजेत, ते पुढे हीट एक्सचेंजरच्या तोंडाशी अडकतात. मग एल्बो काढा. खाऱ्या पाण्यात आतून कार्बन आणि मीठ मिळून दगडासारखं बसतं, आमच्याकडे एकदा दुरुस्तीला आलेल्या एल्बोत करंगळी जाईना. धूर अडकला की काळा धूर येतो, आरपीएम चढत नाही, आणि लोक नोझल बदलत बसतात. बाहेरून टोकरून ठिसूळ लागला तर नवीनच घ्या, वेल्डिंग करून वापरू नका.

कितीदा, तर इम्पेलर वर्षातून एकदा, चांगला दिसला तरी. लावताना ग्लिसरीन लावा. जून-जुलैत बोट बंद असते तेव्हा काढूनच ठेवा. एल्बो वर्षातून एकदा खोलून बघा, कूलंट दोन वर्षांनी, झिंक, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, अर्धं खाल्लं गेलं की नवीन. स्ट्रेनर, म्हणजे आत येणाऱ्या पाण्याची गाळणी, तर भरती-ओहोटीच्या गाळात दर वेळी बघा. होजला प्रत्येक टोकाला दोन स्टेनलेस क्लिपा, आणि सांध्याला काजळी दिसली तर त्याच दिवशी काम करा, तो गॅस केबिनमध्ये येतो आणि माणूस झोपेतच जातो.

गोड्या पाण्याने फ्लश करताना बंद इंजिनाच्या पाइपला नळ सरळ जोडू नका, तसंही एक्झॉस्ट भरतो. बादलीत पाणी घ्या आणि चालू इंजिनाला ते ओढू द्या.

एक राहिलं. एल्बोत पाणी सोडायची जागा वॉटरलाइनच्या, म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या, 15 सेंटीमीटरपेक्षा कमी वर असेल तर सायफन तोडणारा वॉल्व लागतो, आणि तो मिठाने चिकटला तर इंजिन बंद केल्यावरही पाणी आपोआप आत उतरत राहतं, सेल्फ न मारता. तो काढून तोंडाने फुंकून बघा, हवा एकाच बाजूने गेली पाहिजे. आणि तुमचा एक्झॉस्ट कोरडा, वर चिमणीसारखा असेल तर एल्बो-वॉटरलॉकचं हे सगळं तुम्हाला लागू नाही. पण तुम्ही म्हणता मागून पाणी पडतं, म्हणजे ओलाच आहे.